टाकाऊ फळभाज्यांचा वायू : लेखांक ७ — संत्र्याच्या सालीचा सवाल

वायूतील गंधकाचा दर्प लोखंडाच्या किसाने कसा काढून टाकावा, याची हकीकत सांगण्याचे वचन मी गेल्या खेपेस दिले होते. परंतु मध्यंतरी वरुडकडील एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातील सवाल संत्र्याच्या मुलखात इतका निकडीचा आहे, की ती हकीकत आठवडाभर तहकूब ठेवणेच मला इष्ट वाटते. या गृहस्थांच्या घरच्या संयंत्रात भाजीचे देठ, शिळा भात आणि नासकी केळी पडत होती तोवर शेगडी उत्तम चालत होती. पुढे जवळच्या रसवाल्याकडून संत्र्यांच्या साली फुकट मिळू लागल्या, त्या त्यांनी टोपल्यांनी आत लोटल्या, आणि पंधरवड्याच्या आत ज्योत फिकी पडून अखेर धरेनाशीच झाली. फळ टाकीला मानवते, तर त्याचीच साल का मानवू नये, असे ते विचारतात.

याची कारणे दोन आहेत, आणि पहिले नित्याच्या वाचकांना परिचित आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी जो मुद्दा हिरिरीने मांडला, आणि ज्यावर उभारलेल्या घरगुती संयंत्राला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, तो असा की, शेण हे गुराच्या पोटात एकवार पचून आलेले असल्यामुळे सूक्ष्मजीवांना त्यात घेण्याजोगे फारसे उरत नाही, उलट पिष्ट आणि साखर यांचा वायू फार त्वरेने होतो. ही त्वरा हाच या पदार्थांचा गुण आणि हाच त्यांचा धोका. सालीतील साखर व पेक्टिन यांचे आम्ल करणारे जीव चपळ असतात, आणि त्या आम्लापासून मिथेन करणारे जीव संथ. वसुली करणारे कारकून दहा आणि भरणा करून घेणारा खजिनदार एकच असावा, तशी ही व्यवस्था आहे. आवक बेताची असेल तर काम सुरळीत चालते. ती एकाएकी वाढली की आम्ल साचते, सामू सातच्या आसपास असावयाचा तो साडेसहाच्या खाली उतरतो, आणि संथ जीव त्या आंबटपणात काम सोडून देतात. वायू तेव्हाही निघतो, पण त्यात कर्बवायूचे प्रमाण वाढल्यामुळे तो पेटत नाही.

केळी अतोनात घातली तरी हेच होईल; संत्र्याचे खास दुखणे निराळे आहे. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात आली म्हणजे पोरे पणतीसमोर साल चिमटतात आणि ज्योतीत फर्रकन ठिणग्या उडतात, हा खेळ सर्वांनी पाहिला असेल. सालीच्या नारिंगी थरातील सूक्ष्म कोशांतून उडणारे जे तेल तेथे जळते, त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन नामक द्रव्याचा असतो. कीटक आणि बुरशी यांच्यापासून फळाचे रक्षण करणारे हे द्रव्य सूक्ष्मजीवांच्या आवरणावरच आघात करते, आणि लिटरमागे काही शे मिलिग्रॅम इतके साचले तरी मिथेन करणाऱ्यांचा अंमल संपुष्टात येऊ लागतो. हे मिथेनकर्ते सामान्य जिवाणूंच्या कुळातलेही नव्हेत. कार्ल वोझ यांनी १९७७ साली त्यांची गणना एका स्वतंत्र, पुरातन शाखेत केली. त्यांची वाढ मुळातच मंद, त्यामुळे एकदा झालेली हानी भरून येण्यास आठवडे लागतात. जे तेल स्वतः इतके ज्वालाग्राही, तेच दुसऱ्या इंधनाची निर्मिती बंद पाडते, हा योगायोग मला वर्षानुवर्षे मौजेचा वाटत आला आहे.

आता बंदोबस्त. टाकी आंबली असेल तर प्रथम खाद्य पूर्ण बंद करावे. ताज्या शेणाचा काला थोडा थोडा घालावा, कारण त्यातून नवे जीव मिळतात आणि आम्ल पेलण्याची शक्तीही मिळते. चुन्याचा मोह आवरावा. तो कर्बवायू शोषून तळाशी खडूसारखा बसतो, आणि हात सैल पडला तर सामू एकदम वर उडतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बेताने घातलेला त्यापेक्षा बरा, परंतु त्याचाही अतिरेक जीवांना बाधतो. ज्योत पुन्हा निळी आणि स्थिर झाल्यावाचून खाद्य सुरू करू नये, आणि सुरू करताना पूर्वीच्या पाव मापाने करावे.

साली घालावयाच्याच असतील तर त्या बारीक चिरून, पातळ पसरून उन्हात वाळवाव्यात. कोश फुटून पुष्कळसे तेल उडून जाते. मोठ्या रसकारखान्यांत, जेथे फळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चोथा आणि साल म्हणून उरतो, तेथे वाफेने तेल आधी काढून घेणे सर्वांत शहाणपणाचे, कारण त्या तेलाला स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. घरगुती टाकीत मात्र वाळवलेली सालही रोजच्या खाद्यात चवीपुरतीच असावी.

माझा निर्वाळा विचाराल तर गर, चोथा आणि नासके फळ टाकीला द्यावे, ताजी साल खताच्या खड्ड्याला द्यावी. निघेल तो सारा कचरा टाकीच्याच गळी उतरविण्याचा हट्ट संयंत्राला मानवत नाही. लिंबू आणि मोसंबी यांच्या सालींनाही हाच नियम लागू आहे. गंधकाची हकीकत पुढील आठवड्यात. वाचकांनी तोवर लोखंडाचा गंजलेला कीस, लेथवर काम करणाऱ्याकडे सहज मिळतो तसा, जमवून ठेवावा.