चुंबकाने परत मिळणारा उत्प्रेरक

पिवळंधमक द्रावण, त्यात चिमूटभर काळी पूड, आणि काही मिनिटांत रंग गायब! मग बाटलीला बाहेरून चुंबक लावायचा. पूड काचेला चिकटते, द्रावण ओतून घ्यायचं, पूड धुऊन पुन्हा वापरायची. हा प्रयोग मला मनापासून आवडतो.

पिवळा रंग असतो ४-नायट्रोफिनॉलचा. त्याचं क्षपण झालं की ४-अमिनोफिनॉल मिळतं, ज्यापासून पॅरासिटामॉल बनवता येतं. नुसतं सोडियम बोरोहायड्राइड घातलं तर रंग तासन्‌तास ढिम्म हलत नाही, उत्प्रेरक हवाच. तो म्हणजे मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडच्या कणांवर बसवलेलं पॅलॅडियम, सोनं किंवा चांदी.

खरी गंमत मॅग्नेटाइटच्या आकारात आहे. कण १०-१५ नॅनोमीटरचे असले की चुंबक जवळ असेपर्यंतच त्यांच्यात चुंबकत्व टिकतं. तो दूर केला की संपलं! त्यामुळे चुंबकत्वापायी त्यांच्या गुठळ्या होत नाहीत, हलवलं की ते परत द्रावणभर पसरतात. इतके बारीक कण गाळून काढायचे म्हटलं तर नाकी नऊ येतात.

नायट्रो संयुगांच्या क्षपणाची रसायनशास्त्रज्ञ बेशाँ यांची १८५४ची रीत लोखंड आणि आम्लाची. तिच्यात लोखंडाच्या गाळाचा ढीग उरतो, म्हणून हा पर्याय मला मोलाचा वाटतो.

पण पॅलॅडियम हळूहळू सुटून द्रावणात जाऊ शकतं. शिवाय या प्रयोगात बोरोहायड्राइड गरजेपेक्षा कितीतरी जास्त घालतात. त्याऐवजी हायड्रोजन वायू वापरला, तर क्षपणातून उपउत्पादन म्हणून फक्त पाणी उरतं.