स्वछायाचित्र : आत्माविष्काराचे माध्यम

प्रस्तावना :
कॅमेरा असलेला मोबाइल हाती आल्यापासून स्वतःचे छायाचित्र स्वतःच घेणे ही नित्याची बाब झाली आहे. मराठवाड्याची ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील नारायणगडावरही भाविक दर्शनानंतर ‘सेल्फी’ घेतात. या सवयीची संभावना बहुधा आत्मप्रौढी म्हणून केली जाते. तथापि स्वछायाचित्र अभिव्यक्तीचे माध्यम केव्हा ठरते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
फ्रान्समधील हिप्पोलित बायार याने १८४० मध्ये बुडून मरण पावलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचे छायाचित्र घेतले. छायाचित्रणाच्या शोधाचे श्रेय दागेर यास मिळाले व आपण उपेक्षित राहिलो, याचा तो निषेध होता. भारतात मात्र वसाहतवादी शासनाने हेच माध्यम लोकांच्या वर्गीकरणासाठी वापरले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८-१८७५) या ग्रंथाच्या आठ खंडांत माणसे येतात ती प्रामुख्याने जाती-जमातींचे नमुने म्हणून. आपली ओळख ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

पुष्पमाला एन. यांचे प्रयोग :
हा अधिकार परत घेण्याचा प्रयत्न बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांच्या कामात दिसतो. मुंबईत साकारलेल्या ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६-९८) या कृष्णधवल चित्रमालिकेत मुखवटाधारी साहसी नायिका व तिची हरवलेली जुळी बहीण या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. ही नायिका ‘हंटरवाली’ (१९३५) चित्रपटातील नादियाचे स्मरण करून देते. पुढे ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००-०४) या मालिकेत राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीपासून मानववंशशास्त्रीय छायाचित्रांतील आदिवासी स्त्रीपर्यंत अनेक रूपे त्यांनी स्वतः धारण केली. कॅमेरा मात्र अनुक्रमे मीनल अगरवाल व क्लेअर आर्नी यांच्या हाती होता. अर्थात कळ कोणी दाबली, यावर स्वछायाचित्र ठरत नाही. आपण कसे दिसावे, हा निर्णय कोणाचा, यावर ते ठरते.

निष्कर्ष :
बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून परिचित आहे. या कामगारांचे चित्र समाजापुढे येते ते बहुधा इतरांच्या कॅमेऱ्यातून. अशा घरातील विद्यार्थिनीने हाती कोयता घेऊन उभे राहावे की पुस्तक, गडाच्या पायथ्याशी की स्वतःच्या उंबरठ्यावर, हे तिने विचारपूर्वक ठरविले, तर तिचे छायाचित्र हे तिचे विधान होईल. रूढ ‘सेल्फी’ आणि आत्माविष्कार यांतील अंतर ते हेच. म्हणून अध्यापकांनी या सवयीची हेटाळणी न करता, ‘हे चित्र असेच का?’ असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारणे अधिक उपयुक्त ठरेल.