खाण आणि नगर : लेखांक पाचवा – नाशिकची खडी

गेल्या लेखांकात आपण वरोऱ्याचा कोळसा पाहिला. १८७१ साली तेथे खाण सुरू झाली, तिच्यामागून आगगाडी आली आणि १९०६ साली खाण मिटली. नाशकात हे नाते उलटे आहे. येथे खाणीने नगर वाढवले नाही, नगराने खाण मागवली. आणि ती उशालाच मागवावी लागली, कारण खडी हा जिन्नस वजनाने भारी व किमतीने हलका असल्यामुळे लांब वाहून नेला की मालापेक्षा भाडेच जड होते. कोलारचे सोने जगाच्या पाठीवर कोठेही खपे. नाशिकलगतच्या सारूळच्या खडीला नाशिकवाचून फारसे गिऱ्हाईक नाही.

दगडाची गरज जुनीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी काळाराम मंदिर बांधले, तेव्हा पाषाण रामशेजच्या डोंगरातून आला. परंतु देवळाची भूक एकदा भागली की भागते. १९८२ साली महानगरपालिका स्थापन झालेल्या आणि २००१ च्या १०.७७ लाखांवरून २०११ पर्यंत १४.८६ लाखांवर गेलेल्या शहराची भूक तशी नव्हे.

सुरुंगाने फुटलेला डबर क्रशरच्या जबड्यात पडतो, चाळण्यांवरून खडी आणि कच वेगळी होते, आणि नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून त्याच दगडाची क्रश सँडही निघते. आसपासच्या बाभळींवर पांढरी भुकटी इतकी साचते की पाऊस पडेपर्यंत पानाचा हिरवा रंग दिसत नाही. माल मोजायचा ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी. सुतकी-छिन्नी चालवणाऱ्या वडाराच्या पिढीजात हुन्नराला या यंत्रात जागा उरलेली नाही. जागा आहे ती डंपरचालकाला, पंक्चरवाल्याला, चहाच्या टपरीला आणि कर्ज काढून डंपर घेतलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला. डोंगर उरो न उरो, बँकेचा हप्ता दरमहा येतो. तेव्हा नव्या परवान्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्याला केवळ लोभी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खरी मेख सरकारी दप्तरात आहे. १९५७ च्या खाणी-खनिजांच्या कायद्याने खडीसारख्या गौण खनिजाचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि जे महसूल खाते दर ब्रासमागे स्वामित्वधन जमा करते, त्याच खात्याने बेकायदा उत्खननही रोखायचे, अशी व्यवस्था झाली. वसुलीचे उद्दिष्ट आणि डोंगराचे रक्षण एकाच मेजावर आले, की कोणती फाईल आधी उघडते हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दरम्यान शहर स्वतःच खाणीकडे सरकते. मुंबईच्या रस्त्याने विल्होळीकडे वस्ती वाढत गेली, की नव्या इमारतींतील रहिवासी सुरुंगाच्या हादऱ्यांविरुद्ध अर्ज करतो. त्याच्या भिंतीच्या काँक्रीटमध्ये बहुधा त्याच डोंगराची खडी असते. हादऱ्याहून मोठी चिंता पाण्याची. बेसाल्टच्या भेगांत मुरलेला पाऊस पुढे झऱ्यांना आणि विहिरींना मिळतो, आणि ब्रह्मगिरीच्या रांगेत तर गोदावरीच उगम पावते. फोडलेल्या डोंगराची खडी तेवढी विकत मिळते, भेगा परत मिळत नाहीत.

पुढील लेखांकात मालेगावकडे, गिरणेच्या वाळूकडे वळू.