कर्मचाऱ्यांची स्वयंसेवा आणि दोन टक्क्यांचा हिशेब

कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून अमलात आले. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे त्यात सांगितले आहे. शिक्षण या कार्यात मोडते. त्यामुळे कंपनीचा एखादा अभियंता महाविद्यालयात शिकवून गेला की तिच्या दोन टक्क्यांत तेवढी भर पडते, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जानेवारी 2016 मधील खुलाशात कर्मचाऱ्यांच्या सहभागास उत्तेजन द्यावे असे म्हटले. मात्र त्यांच्या विनामूल्य सेवेची किंमत काढून ती खर्चात धरता येणार नाही, हेही स्पष्ट केले. (जकातही मालावर निघते, दिलेल्या तासांवर नव्हे.)

म्हणून निधीची मागणी आणि माणसांची मागणी वेगळी ठेवावी. कंपनीच्या निधीतून उपक्रम राबवायचा तर संस्थेला एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 ही नोंदणी लागते; पाहुण्या कारागिरासाठी ती लागत नाही. बेळगावातील लहान फाउंड्री कायद्याच्या कक्षेत येत नसली, तरी तिचा अनुभवी कामगार वाळूचा साचा कसा बसवतात हे विद्यार्थ्यांना दाखवू शकतो. मात्र पत्रात ‘मार्गदर्शन करावे’ एवढेच लिहून भागत नाही. विषय, वर्ग, एकूण तास आणि सोबत राहणारा शिक्षक यांचा उल्लेख हवा. शनिवारचे सलग सहा तास मिळाले, तर छायाचित्रापुरत्या वृक्षारोपणापेक्षा ते केव्हाही उपयोगी.