शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन : कृत्रिम टाळू आणि जबडा

कर्करोगाची गाठ काढली, जखम भरून आली आणि रुग्ण घरी परतला, की उपचार संपले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वरचा जबडा व टाळू यांचा भाग काढावा लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. टाळू हा तोंड आणि नाक यांमधील पडदा होय. तो नाहीसा झाला की पाण्याचा घोट नाकावाटे बाहेर येतो, आणि उच्चार नाकातून होऊ लागल्याने बोलणे इतरांना समजत नाही. असा रुग्ण प्रथम पंगत टाळतो आणि पुढे बोलणेच सोडतो.

तंबाखू, मिश्री व गुटखा यांमुळे होणारा मुखकर्करोग हे जबड्याच्या शस्त्रक्रियेचे एक मोठे कारण आहे. २०२१ साली कोरोनाच्या साथीत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने राज्यातील अनेकांना वरचा जबडा, तर काहींना डोळाही गमवावा लागला.

टाळूला पर्याय

टाळूतील पोकळी बंद करणाऱ्या साधनास ऑब्च्युरेटर म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआज पारे यांनी सोळाव्या शतकातच अशा धातूच्या चकतीचे वर्णन केले होते. आज हे साधन प्रामुख्याने अॅक्रिलिकचे बनवितात. पोकळीत बसणारा भाग आतून पोकळ ठेवल्याने त्याचे वजन कमी होते, आणि त्यालाच कृत्रिम दातही जोडता येतात.

हे काम तीन टप्प्यांत होते. शस्त्रक्रियेपूर्वीच तोंडाचे माप घेऊन तयार केलेली पट्टी शस्त्रक्रियेच्या वेळीच बसविली जाते. सुमारे आठवड्याभराने तिच्या जागी तात्पुरते साधन येते. जखम भरताना पोकळीचा आकार बदलतो, म्हणून ते वेळोवेळी दुरुस्त करावे लागते. काही महिन्यांनी, ऊती स्थिर झाल्यावर, कायमस्वरूपी साधन तयार करण्यात येते. यास्तव शल्यचिकित्सक व दंतवैद्य यांचा विचारविनिमय शस्त्रक्रियेपूर्वीच होणे अगत्याचे आहे.

खालचा जबडा आणि चेहरा

खालच्या जबड्याचा तुकडा काढल्यास उरलेला भाग शस्त्रक्रिया झालेल्या बाजूस सरकतो व दात एकमेकांवर बसत नाहीत. दातांवर बसविलेली मार्गदर्शक पट्टी आणि नियमित व्यायाम यांनी तो जागेवर आणता येतो. योग्य रुग्णांत पायातील हाड घेऊन जबडा पुन्हा उभारतात.

नाक, कान किंवा डोळ्याचा भाग गेल्यास रुग्णाच्या त्वचेशी रंग जुळवून सिलिकोनचा कृत्रिम अवयव घडविला जातो. तो चिकटद्रव्याने, चष्म्याच्या चौकटीने किंवा हाडात बसविलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर लोहचुंबकाने टिकतो. ऊन व वापर यांमुळे त्याचा रंग उडतो, म्हणून काही काळाने तो बदलावा लागतो.

निगा आणि पाठपुरावा

साधन जेवणानंतर काढून धुणे व तोंड स्वच्छ ठेवणे आवश्यक असते. किरणोपचार झालेल्या रुग्णाने दात परस्पर काढून घेऊ नये. त्यामुळे जबड्याचे हाड निकामी होण्याचा धोका असतो. तोंड उघडण्याचा व्यायामही सोडता कामा नये. साधन टोचू लागले किंवा सैल झाले तर ते पेटीत ठेवून न देता दुरुस्त करून घ्यावे.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. कृत्रिम दंतोपचार हा तेथील अध्यापनाचा व उपचारांचा भाग आहे.

गावात अशी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती घरातच बसून असेल, तर पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी आपुलकीने तिची विचारपूस करावी आणि तिला तपासणीसाठी पाठवावे. शस्त्रक्रियेस बरीच वर्षे लोटली असली तरी साधन बसविता येते. शल्यचिकित्सकाने वाचविलेला जीव चारचौघांत पुन्हा बोलता-जेवता झाला, तरच उपचार पूर्ण झाले असे म्हणता येईल.