बाहेरची भिंत तोडावी लागते!

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रा. अ‍ॅलेक्स झेटल यांच्या गटाने २००३ साली विजेवर फिरणारी एक मोटर तयार केली. तिचे सोन्याचे पाते सुमारे ३०० नॅनोमीटर लांब. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी शे-दोनशे पाती सहज मावतील. चळवळीच्या दैनिकात ही गोष्ट कशाला, असे कुणी विचारेल. विचारा, पण आधी ती मोटर समजून घ्या.

तिचा आस म्हणजे कार्बनची नळी. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी या नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले. नळीच्या आत नळी, तिच्या आत आणखी एक. एक दुसरीतून इतकी अलगद सरकते की वंगण लागत नाही, हे झेटल यांच्याच प्रयोगशाळेने २००० साली दाखवले होते. मोटरीसाठी त्यांनी सिलिकॉनच्या तुकड्यावर नळ्या पसरल्या, इलेक्ट्रॉनच्या झोताने आखणी करून त्यांवर पाते बसवले आणि खालचा थर आम्लाने खाऊन टाकला. पाते अधांतरी झाले, पण फिरेना! बाहेरची नळी दोन्ही टोकांना जखडलेली. पाते पीळ खाई आणि मागे येई. शेवटी जास्त व्होल्टेज देऊन ते इतके पिळले की बाहेरची भिंतच तुटली. मग मात्र ते हजारो फेऱ्या फिरले, झीज दिसली नाही. भिंत तुटल्याखेरीज चाक फिरत नाही, हे आमच्या समाजाला शिकवायला बर्कलेची गरज नाही, ते सोडा.

बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानले नाही. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी बजावले की यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे. मग यंत्र घडवणारे हात कोणाचे, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

भारत सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केले. पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपये. पैसा जनतेचा. आता २०१९ कडे या. १३ पॉइंट रोस्टरविरुद्ध आपण ५ मार्चला भारत बंद केला. सरकार वाकले, वटहुकूम निघाला, पुढे अध्यापक पदांच्या आरक्षणाचा कायदा झाला. विभाग नव्हे, संपूर्ण संस्था एकक ठरली. त्या निळ्या गुलालात कलम ४ दडून राहिले. परिशिष्टात नाव असलेल्या संस्थांना या कायद्याचे आरक्षण लागू नाही. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे आणि बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही आहे. भारतरत्न सी. एन. आर. राव यांनी नॅनोनळ्यांवर संशोधन केले, ते हेच केंद्र. सबब काय, तर या उत्कृष्टतेच्या संस्था! म्हणजे आमचा पीएच.डी. झालेला मुलगा आला की उत्कृष्टता विटाळते काय?

हे परिशिष्ट बदलायला नवा कायदा लागत नाही. राजपत्रातील एका अधिसूचनेने केंद्र सरकार ते बदलू शकते, असे त्याच कलमात लिहिले आहे. राखीव मतदारसंघातून निवडून गेलेल्या खासदारांनी ही मागणी कधी केली, हे त्यांच्या पुढच्या सभेत आम्ही विचारणार आहोत. तुम्हीही विचारा.