मधुमेह एकाचा, प्रश्न दोघांचा

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ. मधुमेह नऊ वर्षांपासूनचा. गेले वर्षभर ते रात्री बाहेरच्या खोलीत झोपत होते. "माझ्या घोरण्यानं तुझी झोपमोड होते," असे त्यांनी बायकोला सांगितले होते. तिला ते पटले नव्हते. आपल्यात यांना रस उरला नाही, बाहेर काही असेल का, या विचाराने ती आतल्या आत झुरत होती. खरे कारण वेगळेच होते. संबंधांच्या वेळी लिंगाला ताठरता येत नव्हती. आली तरी टिकत नव्हती. दोन-तीनदा तसे घडल्यावर त्यांनी जवळ जाणेच सोडले. दर महिन्याला ते दवाखान्यात येत, साखर तपासत, गोळ्या घेऊन जात. याबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत. एके दिवशी पत्नी सोबत आली आणि तिनेच विचारले, "डॉक्टर, साखरेमुळे माणूस असा तुटक वागतो का हो?"

अशी जोडपी थोडीथोडकी नाहीत. जगभरातील १४५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेही पुरुषांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार असल्याचे त्यात दिसले. तरीही मधुमेहात डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची जितकी चौकशी होते, तितकी याची होत नाही. रुग्ण लाजतो आणि बाहेर रांग लागलेली असल्याने डॉक्टरही विचारत नाही.

ताठरता येते ती लिंगात रक्त भरल्याने आणि तिथेच काही काळ थांबून राहिल्याने. मनात इच्छा झाली की मज्जातंतू संदेश नेतात, नायट्रिक ऑक्साइड नावाचे रसायन तयार होते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. वर्षानुवर्षे वाढलेली साखर नेमके हेच बिघडवते. मज्जातंतू बधिर होतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते. बऱ्याच मधुमेहींमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरकही कमी असते. त्यात तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि दारू यांची भर पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही त्रास वाढतो. पण म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्याव्यात.

म्हणजे इच्छा असते, प्रेमही असते, पण शरीर साथ देत नाही. ही गोष्ट पत्नीला ठाऊक नसली की ती दोष स्वतःकडे घेते, नाहीतर नवऱ्यावर संशय घेते. इकडे नवरा 'आजही जमलं नाही तर?' या धास्तीत असतो. या धास्तीने शरीरात जी रसायने वाढतात, ती रक्तवाहिन्या आणखी आवळतात. त्यामुळे मूळ दुखणे चार आण्यांचे असले, तरी अबोल्याने ते रुपयाचे होते.

या तक्रारीकडे दुर्लक्ष न करण्याचे आणखी एक कारण आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून अरुंद असतात. त्यामुळे रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की तिथे आधी कळते. हृदयविकाराची लक्षणे अनेकदा त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी दिसतात. म्हणून या रुग्णांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. हृदयाची तपासणी करावी. डॉक्टरांना गरज वाटल्यास सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉनही तपासावे.

उपचार आहेत. साखर आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, वजन उतरवणे आणि तंबाखू सोडणे हा त्यांचा पाया. सिल्डेनाफिल हे औषध १९९८ पासून वापरात आहे. मधुमेहात ते इतरांपेक्षा थोडे कमी परिणामकारक ठरते, तरी अनेकांना उपयोगी पडते. ते इच्छा निर्माण करत नाही. जवळीक आणि स्पर्श असेल तरच काम करते. तुडुंब जेवणानंतर घेतले तर परिणाम लांबतो. म्हणून पहिल्या गोळीने जमले नाही तर निराश होऊ नये. मात्र छातीत दुखते म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी किंवा नायट्रेट गटातील कोणतेही औषध घेणाऱ्यांनी ही गोळी मुळीच घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणूनच ती मित्राकडून किंवा दुकानातून परस्पर घ्यायची गोष्ट नाही. भिंतीवरच्या जाहिराती पाहून घेतलेल्या 'जडीबुटी'च्या पुड्यांतही हेच औषध, मात्रा न सांगता, मिसळलेले आढळले आहे. गोळ्यांनी भागले नाही तर व्हॅक्युम पंप, इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत.

पण यातले काहीही पत्नीच्या नकळत करू नये. लपवून घेतलेली गोळी सापडली की संशय पक्का होतो. शक्य असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीच्या आसपास पत्नीचीही पाळी जात असते. कोरडेपणामुळे तिला वेदना होत असतात, आणि तिला ते कोणी विचारलेलेच नसते. त्यावरही उपचार आहेत. काही आठवडे संभोगाचा हट्टच सोडून केवळ जवळ येणे, स्पर्श करणे, बोलणे, एवढेच ठरवावे, असा सल्ला समुपदेशक देतात. परीक्षेची भीती गेली की शरीरही मोकळे होऊ लागते.

त्या जोडप्याला डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून हे सारे समजावले. पत्नी बराच वेळ गप्प होती. मग नवऱ्याला म्हणाली, "एवढंच होतं, तर सांगायचं ना!" त्यांची साखर हळूहळू खाली आली. गोळी कधी लागू पडते, कधी नाही. पण अंथरूण मात्र त्याच आठवड्यात आतल्या खोलीत गेले.